राइबेनच्या पाठीवरची चेन

निशिगाकी तोकुओच्या गणवेशांच्या दुकानात टीव्हीवरच्या राइबेनच्या पाठीवरच्या चेनला हसायचं नाही, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांची कामं चटकन व्हायची. ज्यांना ठाऊक नव्हतं ते एकदा हसत आणि मग ताटकळत. पोराला नव्या शाळेचा गणवेश घ्यायला आलेला एखादा बाप भिंतीवरचं जुनं रंगीत चित्र बघून सहज म्हणायचा, "हा तोच ना, चांदीच्या शिरस्त्राणाचा? याच्या पोशाखाची मागची चेन दिसायची बघा." झालं. तोकुओ हातातली मापपट्टी गळ्यात टाकायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, आणि पोरगं बिचारं एक बाही घातलेली, एक मोकळी, अशा अवस्थेत उभं राहायचं.

"चेन दिसायचीच," तोकुओ म्हणायचा. "माणूस आत शिरणार कुठून? तोंडातून?"

मग तो सांगायचा, की त्या रबराच्या कातड्यात एक खराखुरा माणूस भर उन्हाळ्यात शिरायचा, बुटांत घाम साठेपर्यंत दगडाच्या खाणीत मारामारी करायचा, आणि ती चेन म्हणजे तो माणूस खरा असल्याची खूण होती. हसायचं असेल तर आधी तो पोशाख घालून एक कोलांटी मारून दाखवा. बाप मान डोलवायचा आणि घड्याळ बघायचा. गल्ल्यामागे बटणं शिवत बसलेली तोकुओची आई फुजिए तेवढ्यात म्हणायची, "तोकु, पोराचा दुसरा हात." तेव्हा कुठे दुसरी बाही चढायची.

नभरक्षक राइबेन ही मालिका तोकुओच्या लहानपणी रविवारी संध्याकाळी लागायची. दूरच्या ताऱ्यावरून आलेला राइबेन वेधशाळेत झाडूवाला म्हणून राहायचा आणि राक्षस आला की शिरस्त्राण चढवून धावायचा. तोकुओ आता साठीला टेकला होता, केस विरळ झाले होते, लग्न जमलं नव्हतं, आणि त्याचं खापर आई बिनदिक्कत राइबेनवर फोडायची. मुलगी बघायला गेला असता यानं चहा थंड होईपर्यंत तिला सांगितलं होतं, की पाचव्या भागातला हिरवा राक्षस आणि अकराव्या भागातला तपकिरी राक्षस ही एकच कातडी, फक्त रंग मारून वर शिंग चिकटवलेलं. मुलीनं पुन्हा निरोप पाठवला नाही.

राइबेनवर प्रेम करणाऱ्यांचा एक मेळा होता. कोबेला एका सार्वजनिक सभागृहाच्या वरच्या खोलीत ते जमायचे आणि जुने भाग बघायचे. तिथेही तोकुओच्या डोक्यात तिडीक जायची. हसणारे त्याला आवडत नसत. पण "काय दिवस होते ते" म्हणत रुमाल काढणारे त्याहून आवडत नसत. रडून रडून त्यांचे डोळे पडद्यावर कमी आणि रुमालात जास्त असायचे, आणि नंतर तेच छातीठोकपणे चुकीचं सांगायचे. नव्यानं काढलेल्या राइबेनचं तर नावच काढायची सोय नव्हती. त्यात राइबेन सदा रात्री लढतो, सदा पाऊस, कोण कुणाला मारतोय ते दिसत नाही, आणि मारून झालं की वडिलांच्या आठवणीनं मुसमुसतो. राक्षस संगणकात बनवलेला. इमारतीवर पडतो तेव्हा गादी पडल्यासारखा पडतो. "वजनच नाही," तोकुओ वैतागून म्हणायचा. "आत माणूस नाही, वजन कुठून येणार?"

पण सगळ्यांत मोठा राग त्याला साफसफाईचा होता. जुने भाग डीव्हीडीच्या तबकडीवर पुन्हा निघाले तेव्हा कंपनीनं ते धुऊनपुसून काढले होते. अंतराळयान ज्या तारांना लटकायचं त्या तारा पुसल्या. आकाश गडद निळं केलं. आणि राइबेनच्या पाठीवरची चेन पुसली. तोकुओनं तबकडी लावली, राइबेन वळला, पाठ गुळगुळीत. तोकुओनं तिथल्या तिथे यंत्र बंद केलं आणि त्या रात्री जेवला नाही. "जे होतं ते होतं," हे त्याचं वाक्य मेळ्यात सगळ्यांना पाठ होतं. "बरं दिसत नाही म्हणून पुसायचं नाही."

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. ओळीनं सगळे भाग पुन्हा बघताना त्याला मधे मधे डुलकी लागायची. राइबेन भाषण फार करायचा. राक्षसाला मारण्याआधी शांततेवर बोलायचा, मारून झाल्यावर पुन्हा बोलायचा. भाषण सुरू झालं की तोकुओ चहा करायला उठायचा आणि स्वतःवरच चिडायचा. हेच का ते, ज्याच्यासाठी आपण आयुष्यभर लोकांशी भांडलो? मग तो स्वतःला समजावायचा, की शेवटचा भाग बघायला मिळाला असता तर सगळ्याचं सार्थक झालं असतं. शेवटच्या भागात राइबेन पृथ्वीचा निरोप घेतो आणि जाताजाता एक वाक्य बोलतो. त्या एका वाक्यासाठी बाकीची भाषणं माफ होती.

तो भाग कुठेच उरला नव्हता. बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा फिती कुठे गेल्या ते कुणाला माहीत नव्हतं. संहिता सापडली होती, पण त्या जागी लिहिलं होतं, "राइबेन निरोप घेतो", एवढंच. लिहिणारा गेला, आवाज देणारा गेला. उरली होती तोकुओची कॅसेट.

त्याच्या वयाच्या कुणालाही विचारा, हा उद्योग घरोघरी चालायचा. चित्र साठवायची सोय नव्हती, म्हणून पोरं टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर ठेवायची आणि घरादारावर संचारबंदी लादायची. राइबेन लागला की तोकुओचे वडील वर्तमानपत्राचं पान न उलटता एकच पान अर्धा तास वाचायचे. खोकला आला तर अंगणात जायचे. दारावर कागद लावलेला असायचा, आवाज करू नये. आणि तरी शेवटच्या भागात, ऐन शेवटच्या वाक्याला, आई स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारत बोलली. वाक्य बुडालं ते बुडालंच.

निदान तोकुओ तसं सांगायचा. मेळ्यात ही गोष्ट प्रसिद्ध होती. नवा माणूस आला की त्याला ती ऐकवली जायची, आणि तोकुओ दुःखी चेहऱ्यानं मान हलवायचा. कॅसेट मात्र त्यानं कुणाला ऐकवली नाही. चहाच्या डब्यात ठेवली होती. फीत जुनी झालीय, तुटेल, म्हणायचा. घरी दर मार्चमध्ये, आई आल्याचे काप घालून इकानागोची बारीक मासळी सोया आणि साखरेत आटवायला बसली, की तो वास घरभर पसरायचा आणि तोकुओला ते वाक्य आठवायचं, कारण तेव्हाही मार्चच होता. "तू तेव्हा गप्प राहिली असतीस तर," असं तो सुरू करायचा. फुजिएचे कान शाबूत होते आणि जीभ त्याहून शाबूत, पण या एका बाबतीत ती मूग गिळून बसायची. "हो, मीच ती," एवढं म्हणून ढवळत राहायची.

तर अशा एका मार्चमध्ये, नवं शालेय वर्ष तोंडावर आल्यानं दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, मेळ्याचा प्रमुख मिझोगामी याचा फोन आला. मिझोगामी म्हणजे निवृत्त दंतवैद्य. समोरच्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय असल्यासारखा तो कुणाला उत्तर देऊ द्यायचा नाही. तोत्तोरीकडच्या एका बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या माळ्यावर शेवटचा भाग सापडला होता. तोकुओच्या हातातून टाचण्यांची डबी पडली. गिऱ्हाइकांसमोर तो खुर्चीवर बसला आणि पुन्हा पुन्हा "खरंच?" म्हणत राहिला. मग मिझोगामी म्हणाला, की फक्त चित्र आहे. आवाजाची फीत वेगळ्या डब्यात होती आणि तिचा आंबूस लगदा झालाय.

तोकुओला वाटलं, निदान ओठांवरून कळेल. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की राइबेनच्या तोंडावर शिरस्त्राण असतं. चिडून त्यानं एका गिऱ्हाइकाच्या पोराला दोन मापं मोठा कोट बांधून दिला.

आता सगळ्या मेळ्याचे डोळे त्या चहाच्या डब्याकडे लागले. महिनाअखेरीस सभागृहात खेळ ठेवायचा होता. चित्र तोत्तोरीचं, आवाज तोकुओचा. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मेळ्यातलीच, आवाजाचं काम करणारी कुरोइवा सेना नावाची मुलगी यंत्र घेऊन दुकानात आली. वयानं तोकुओच्या निम्मी असेल. पण राइबेन बघताना ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती, म्हणून तोकुओ तिला त्यातल्या त्यात सहन करायचा. फुजिएनं तिला गरम भात आणि ताजी आटवलेली मासळी वाढली. जेवण झाल्यावर मागच्या खोलीत तिनं कॅसेट लावली, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटून बसली.

शेवट आला तेव्हा तिनं फीत थांबवली, मागे घेतली, पुन्हा ऐकली. तोकुओ मापपट्टी बोटाला गुंडाळत, सोडत होता.

"निशिगाकी-सान," ती म्हणाली, "आई तर लांबून बोलताहेत. हळू. त्यांच्या आवाजाखाली टीव्ही नीट ऐकू येतोय, राइबेन अजून बोलायला लागलेलाच नाही. वाक्य बुडालंय ते नंतरच्या ओरडण्यात. कुणीतरी अगदी माइकला तोंड लावून ओरडलंय."

तोकुओ मापपट्टीची गुंडाळी घट्ट करत राहिला.

"ते कोण आहे?"

"मी," तोकुओ म्हणाला.

गप्प बस म्हणून आईवर ओरडताना त्यानंच ते वाक्य गिळलं होतं. हे त्याला माहीत होतं, अगदी त्या रविवारच्या रात्रीपासून माहीत होतं. पण आईनं बिघडवलं, असं दहा वेळा सांगितलं की अकराव्या वेळी ते खरं वाटायला लागतं, आणि तोकुओनं तर जन्मभर सांगितलं होतं. आता भरल्या सभागृहात ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

कुरोइवानं संगणकावर ते ओरडणं वेगळं काढून पाहिलं. खाली काहीच उरत नव्हतं, नुसती खरखर. वाक्य गेलं होतं, कायमचं. तोकुओनं तिला सांगितलं, की मग आईच्या हाकेपासून राइबेन जाईपर्यंत सगळं काढून टाक आणि तिथे शांतता ठेव. शांतता म्हणजे आदर. लोक आपापल्या मनात वाक्य ऐकतील. कुरोइवानं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण होकाराची मान हलवली.

मिझोगामीला ही शांतता पसंत नव्हती. त्याचं म्हणणं, मेळ्यानं मतदान करून एक चांगलं वाक्य ठरवावं आणि संगणकाकडून त्या गेलेल्या नटाच्या आवाजात ते बोलवून घ्यावं. त्यानं स्वतः एक लिहूनही ठेवलं होतं, त्यात आशा हा शब्द तीनदा होता. तोकुओ फोनवर त्याला इतकं बोलला की बाहेर फळ्या लावणारा शेजारचा मासळीवाला आत डोकावला. ही चोरी आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द कोंबायला तुम्हाला काय, दात बसवायचेत का? जे होतं ते होतं, बरं दिसत नाही म्हणून पुसायचं नाही, आणि नव्हतं ते घालायचंही नाही. तो फोन आपटून मागे वळला तेव्हा आई त्याच्याकडे बघत होती. तिच्या मांडीवर गणवेशाचा कोट होता, ओठांत दोरा.

"मग तू काय घालतोयस तिथं?" तिनं विचारलं.

"काही नाही. शांतता."

"तेव्हा शांतता होती का?"

तोकुओनं सांगायला सुरुवात केली, की तुझीच हाक काढतोय, तुझीच लोकांत शोभा होऊ नये म्हणून. फुजिएनं दोरा दातानं तोडला.

"माझं काय जातंय. मी आपली जेवायला बोलावत होते. इतकी वर्षं तू लोकांना सांगतोस ते मी ऐकून घेतलं, म्हटलं, पोराला एवढं लागलंय तर असू दे माझ्या नावावर. पण चेन पुसली तेव्हा तू उपाशी झोपला होतास, तोकु. तुझी बोंब ही चेनच की. ती बरी पुसतोस."

तोकुओच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. असलं काही बोलायला हिला राइबेन कधी कळला होता? तिला राक्षसांची नावं येत नव्हती, राइबेनला ती "तो हेल्मेटवाला" म्हणायची. तो तणतणत दुकानात गेला, कोटांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या, आणि संध्याकाळपर्यंत तेच करत राहिला. रागारागानंच त्यानं कुरोइवाला फोन केला.

"सगळं राहू दे," तो म्हणाला. "आईचं, माझं, सगळं. आणि मिझोगामीला काही विचारू नकोस."

खेळाच्या दिवशी फुजिए त्याच्याबरोबर आली. राइबेन बघायला ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती, आणि येताना पिशवीत भाताचे गोळे घेऊन आली होती, आत खायला मनाई आहे असं तोकुओनं दारात दोनदा सांगितलं तरी. सभागृह भरलं होतं. हसणारे होते, रुमालवाले होते. मिझोगामीनं मंचावर जाऊन लांबलचक प्रास्ताविक केलं आणि निशिगाकी-सान यांच्या मातोश्रींनी बुडवलेल्या त्या प्रसिद्ध वाक्याची गोष्ट पुन्हा सांगितली. लोक हसले. काहींनी वळून फुजिएकडे पाहिलं. तिनं खुर्चीतल्या खुर्चीत वाकून नमस्कार केला. तोकुओला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

भाग सुरू झाला. चित्रावर ओरखडे होते, चेन दिसत होती, तारा दिसत होत्या. आवाज त्याच्या घरातला होता. मधेच एक दार सरकलं आणि लांबून खोकला आला. वडील खोकायला अंगणात गेले होते. राइबेननं राक्षसाला मारण्याआधी भाषण केलं, मारून झाल्यावर पुन्हा केलं, आणि तोकुओला नेहमीसारखाच वैताग आला. मग खाणीच्या कडेवर, मावळतीच्या उजेडात, राइबेन एकटा उभा राहिला.

तेव्हा तोकुओच्या लक्षात आलं, की हे आपण बघितलेलंच नाही. त्या वेळी त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे होतं.

राइबेन पाठमोरा होता. लांबून, तरुण फुजिएचा आवाज आला, अगदी शांत. "पुरे झालं आता. सगळे जेवायला थांबलेत. ये बघू."

पडद्यावर राइबेननं मान वळवली. कुणीतरी हाक मारल्यासारखा तो थांबला, आणि शिरस्त्राण एकदा खाली झुकवलं. मग सभागृहाच्या भिंती हादरतील असा लहान मुलाचा आवाज फुटला. "गप्प बस ना, आई! तो चाललाय!"

राइबेन हात वर करून चालायला लागला. पाठीवरची चेन मानेपासून कमरेपर्यंत नीट दिसत होती. तो लहान होत होत गेला आणि चित्र संपलं.

तोकुओ हशाची वाट बघत डोळे मिटून बसला. हशा आला नाही. रुमालवालेसुद्धा रुमाल काढायला विसरले होते. त्या शांततेत फुजिए त्याच्याकडे झुकली. तिला वाटलं ती हळू बोलतेय, पण दोन रांगांना ऐकू गेलं.

"बघ," ती म्हणाली. "त्यानं ऐकलं. तू नाही आलास. भात गार झाला, आणि बाबा तसेच थांबले होते तुझ्यासाठी."

दिवे लागल्यावर लोक तोकुओभोवती जमले. मिझोगामी सगळ्यांना बाजूला सारत आला. तो म्हणत होता, की ती मान झुकवणं सरळसरळ भाषणाची सुरुवात आहे, तिथे आशा हाच शब्द असणार, आपण नीट चर्चा करू, बाजूच्या खोलीत चहा ठेवलाय. ते इतकं चूक होतं की तोकुओचं तोंड आपोआप उघडलं. मान झुकवणं कसं, कुठल्या भागात, किती वेळा, त्याच्यापाशी सगळं तयार होतं. तेवढ्यात बाहीला ओढ बसली.

"तोकु," फुजिए म्हणाली. भाताच्या गोळ्यांची पिशवी तिनं पोटाशी धरली होती. "पुरे झालं आता. ये बघू."

तोकुओनं मिझोगामीकडे पाहिलं. उत्तर जिभेवर होतं, आणि बरोबर होतं. त्यानं ते तसंच ठेवलं, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्यामागून जिना उतरायला लागला.